लिपीची किल्ली आणि अर्थाचा अधिकार

अठरा पुराणांची नावे मुखोद्गत राहावीत म्हणून पूर्वीच्या पंडितांनी केवळ आद्याक्षरे गुंफिली: दोन ‘म’, दोन ‘भ’, तीन ‘ब्र’, चार ‘व’ आणि शेष सात नावांचे एकेक अक्षर. ज्याला मत्स्य आणि मार्कंडेय ठाऊक आहेत, त्याच्याशीच ते दोन ‘म’ बोलतात. इतरांस ते मुके. तथापि असा संक्षेप स्मरणासाठी असतो, लपविण्यासाठी नव्हे.

गूढलेखनाचा हेतू निराळा. कामसूत्रातील चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प गणिला आहे आणि त्यावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत मूलदेवी संकेत येतो. त्यात अ व क, ख व ग, न व म ही अक्षरे परस्परांच्या जागी बसतात. या रीतीने ‘कडेगाव’ लिहिले तर ‘अडेखाव’ होते, वाचणारा अडखळतो. परंतु ‘नाम’ लिहिले तर ‘मान’ होते, आणि येथे काही झाकिले आहे अशी शंकाही वाचकास येत नाही. दुसरा प्रकार अधिक विचार करण्याजोगा आहे.

महानुभाव पंथातील सकळ, सुंदरी, अंक इत्यादी लिपी याच कुळातील होत. सकळ लिपी चौदाव्या शतकात रवळोबासांनी योजिली, अशी परंपरा आहे. येथे पूर्वपक्ष उभा राहतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपण मराठीत केले. पुढे केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस आवरिले. कारण त्यायोगे पंथातील वृद्ध स्त्रिया वंचित झाल्या असत्या. स्मृतिस्थळात हा प्रसंग आहे. मग ज्या म्हातारीसाठी संस्कृत नाकारिले, तिच्या हाती सकळ लिपीची पोथी देऊन काय साधिले?

समर्थनार्थ दोन कारणे सांगतात. अनधिकाऱ्याच्या हाती ब्रह्मविद्या पडू नये, हे पहिले. पाठात कोणी भर घालू नये वा फेर करू नये, हे दुसरे. दुसरे मान्य करावे लागते. पहिले मात्र वाटते तितके बळकट नाही. सूत्राचा अर्थ लिपीने उघडत नाही, तो प्रकरणाने उघडतो. कोणत्या स्थळी, कोणास उद्देशून, कोणत्या निमित्ताने वचन निघाले हे ज्यास ठाऊक नाही, त्याने सूत्रपाठ शुद्ध नागरीत वाचिला तरी तो दाराबाहेरच. लक्षणबंद, आचारबंद, विचारबंद यांची रचना त्यासाठीच झाली. अर्थास स्वतःचे कुलूप असता त्यावर अक्षरांचे दुसरे कुलूप घातल्याने अनधिकारी अधिक दूर गेला नाही. जिज्ञासू मात्र दूर राहिला.

त्याची किंमत लहान नव्हती. जे वाचता येत नाही त्याविषयी लोक कल्पना करितात, आणि त्या कल्पना सहसा चांगल्या नसतात. पंथाविषयीचे कित्येक अपसमज या मौनावरच पोसले गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडिली. पुढे ग्रंथ छापिले गेले आणि 1978 साली वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र प्रसिद्ध झाले. 2024 साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तिच्या प्राचीनतेचा विचार या वाङ्मयास वगळून होऊ शकत नाही. आणि छापखान्यात गेल्याने ब्रह्मविद्येचा अधिकार कोणास फुकट मिळाला, असेही झाले नाही.

याचा अर्थ पूर्वसूरींस दोष द्यावा, असा नाही. हस्तलिखितांच्या काळी पाठ राखणे हे मोठे कर्तव्य होते, ते त्यांनी पार पाडिले. प्रश्न किल्ली धारण करणाऱ्याचा आहे. किल्ली त्याच्या मालकीची नव्हे, ती ठेव आहे. ज्याने लिपी शिकली पण शिष्यास शिकविली नाही, त्याने पोथी राखिली असे म्हणता येत नाही. त्याच्या देहाबरोबर तीही मुकी होते. मठांतून रुमालात बांधिलेल्या अशा पोथ्या आजही आहेत. त्या उघडून वाचणारा कोणी बसेल, तेव्हा ऐकण्यास म्हातारी समोर बसलेलीच असेल. तिला लिपी तेव्हाही येत नव्हती, आताही येत नाही.