रुग्णवाहिका : हक्कदार कोण?



'मौलाना, १०८ ची गाडी मोफत आहे, सर्वांची आहे. मग अम्मीला तपासणीसाठी न्यायला मी ती बोलावली, तर त्यात वावगे काय?' इशाच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारलेला हा प्रश्न प्रामाणिक होता. उत्तरही तसेच द्यायला हवे.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येने हिशेब केला, तर सुमारे १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी. अशी वस्तू शरीअतच्या दृष्टीने अमानत ठरते, आणि अमानत तिच्या हक्कदाराच्या स्वाधीन करण्याची आज्ञा सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. या घटकेला हक्कदार कोण, एवढेच ठरवायचे उरते.

विधिशास्त्रज्ञांनी (फुकहांनी) 'जरूरत' आणि 'हाजत' असा भेद केला आहे. जिच्यावाचून जीव वा अवयव जाण्याचे भय, ती जरूरत. जिच्यावाचून केवळ अडचण वा त्रास, ती हाजत. (बोलण्यात आपण बाजाराच्या पिशवीचीही 'जरूरत' सांगतो, म्हणून हा भेद पुसट झाला आहे.) त्या तरुणाच्या आईची तपासणी ही हाजत होती. तिच्यासाठी रिक्षा आहे, शेजाऱ्याची मोटार आहे आणि त्या शेजाऱ्याला सवाबही आहे.

गाडी लवकर यावी म्हणून फोनवर 'बेशुद्ध आहेत' असे सांगणारेही असतात. हे असत्य तर आहेच. पण ती गाडी आपल्या दारी उभी असताना पलीकडच्या वस्तीत सर्पदंश झालेला मजूर तिची वाट पाहत असेल, तर तो बंद्याचा हक्क झाला. अल्लाहच्या हक्कात चूक झाली, तर तौबाचे दार उघडे आहे. बंद्याच्या हक्कासाठी मात्र त्या बंद्याकडेच क्षमा मागावी लागते. इथे तर तो कोण, हेही आपणास कधी कळणार नाही.

मात्र मला अधिक चिंता उलट चुकीची वाटते. छातीत कळ आलेले वयोवृद्ध चाचा जिना उतरून मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसतात. का, तर सायरन वाजला की मोहल्ला गोळा होईल. छातीतील कळ, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ अडखळणे, श्वास कोंडणे, न थांबणारा रक्तस्राव, रस्त्यावरचा अपघात ही निःसंशय जरूरत आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर ती विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. १०८ च्या गाडीत प्राणवायू आणि डॉक्टर असतात; मोटारसायकलवर यांतले काहीच नसते. 'अल्लाह पाहून घेईल' म्हणणाऱ्यांनी आठवावे की, प्रेषितांनी (स.) उंट आधी बांधायला सांगितला आणि भरवसा त्यानंतर ठेवायला. एक जीव वाचविणे हे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासारखे आहे, ही सूरह अल्-माइदाची शिकवण आपण इतरांपुरती धरतो. चाचांचा जीवही त्यातच मोडतो.

आणि गाडी बोलावल्यावरही ती गल्लीच्या तोंडाशी अडू शकते, कारण जुम्याला आलेल्या नमाजींच्या मोटारसायकली दोन्ही बाजूंना लावलेल्या असतात. येत्या शुक्रवारी मिंबरवर चढण्यापूर्वी आमच्या मशिदीबाहेरची वाट मी स्वतः पाहून घेणार आहे.