चीट कुणाची?

फुलावेलींच्या चिटांचे पडदे आणि त्यांतील विटक्या तांबड्या-निळ्या रंगांचा मेळ यांना इंग्रज आपला वारसा मानतात. वास्तविक ही चीट, नावासकट, हिंदुस्थानची. कोरोमंडल किनाऱ्यावर तुरटी लावून 'सायवेर' मुळीचा पक्का लाल रंग चढवीत. १७२१ च्या कायद्याने इंग्लंडने असल्या कापडाच्या वापरास बंदी केली. ती १७७४ मध्ये उठली, तोवर तेथील छपाई तरबेज झाली होती. तरीही इंग्रजांचा हक्क अगदीच पोकळ नाही. १६४३ मध्ये कंपनीच्या संचालकांनी लाल जमिनीऐवजी पांढरी जमीन मागितली आणि चिटेचे पुढचे रूप अशा मागणीनेच घडले.

मग करणाऱ्याचा हक्क कितीसा? हे विचारताना तंजावरास आलेल्या आपण मराठ्यांनी जरा जपून बोलावे. भोसल्यांच्या राणीवशासाठी कुंभकोणमजवळ कोडाली करुप्पूर येथे जरीकाम विणून, मेणाने जागा राखून लुगडी रंगवीत. त्यांना आपण बेधडक 'मराठेशाहीची' म्हणतो. विणणारे-रंगविणारे मात्र त्या गावचे. राजघराण्याची वंशावळ बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेली आहे. तीत रंगाऱ्यांची नावे शोधणे वेडेपणाचेच. १८५५ मध्ये राज्य सरले, आश्रय गेला आणि ती लुगडीही विरळ होत गेली. २०२१ मध्ये करुप्पूर कलमकारीस भौगोलिक मानांकन मिळाले, ते गावाच्या नावाने.