स्त्रीदाक्षिण्य आणि समान माप

एसटीच्या गाडीत उभ्या असलेल्या स्त्रीस कोणी उठून आपली जागा दिली, तर आपण त्या मनुष्यास सुशील म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तोच मनुष्य बाजाराहून परतताना रिकाम्या हातांनी पुढे चालतो व त्याची बायको डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल घेऊन मागून येते, तेव्हा त्याच्या दाक्षिण्याची किंमत काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

हा विषय आपल्या जिल्ह्यास नवा नाही. 1881 साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेस स्वतःचे मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात कमी झाली. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सर्व स्त्रीजातीस दूषणे देण्यात आली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहून 1882 साली पुण्यास छापविले. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी मात्र 1885 साली 'सत्सार' मध्ये त्यांचा पक्ष घेतला.

ताराबाईंचे मागणे दयेचे नव्हते, एकाच मापाचे होते, असे आम्हांस वाटते. दुकानदाराजवळ घेण्याचे एक व देण्याचे दुसरे माप सापडले, तर त्याच्या गोड बोलण्याने कोणाचे समाधान होत नाही.

कोणी म्हणेल, सर्वांस सारखे लेखल्यास सौजन्य लयास जाईल. आम्हांस तसे वाटत नाही. सौजन्याने माणसाचे ओझे पाहावे. थकलेल्या म्हाताऱ्यास तरुण मुलीने जागा द्यावी, गरोदर बाईस तरुणाने द्यावी; यात कोणाचाही कमीपणा नाही.

परंतु न्यायाच्या जागी सौजन्य देणे ही फसवणूक होय. समान कामास समान वेतन, असे 1976 च्या कायद्याने ठरविले. तरी कापसाच्या व सोयाबीनच्या शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईच्या हातावर पुष्कळ ठिकाणी पुरुषापेक्षा कमीच मजुरी पडते. आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या 1925 च्या वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या मिळकतीत मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. असे असता बहिणीस मानाने बोलावून साडीचोळी करावी आणि त्याच बैठकीत हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यावी, यास आम्ही स्त्रीदाक्षिण्य कसे म्हणावे?

बहिणीस साडीचोळी अवश्य करावी. पण तिचा वाटा तिच्या पदरी घातल्यावर करावी. बाजारच्या वाटेवर पाटी आलटून पालटून घ्यावी. मग एसटीतील जागा कोणी कोणास दिली, यावरून वाद घालण्याची गरज उरणार नाही.