दवाखान्यापर्यंत न पोचलेले पोट

इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये आतड्याच्या जुनाट तक्रारींचा देशव्यापी अहवाल प्रसिद्ध केला. दवाखान्यांत आलेल्या रुग्णांत पुरुष ६८ टक्के होते. त्याच गटाने वस्तीतल्या लोकांची पाहणी केली, तेव्हा मात्र आयबीएसचे प्रमाण पुरुषांत आणि बायकांत जवळपास सारखेच, चार टक्क्यांच्या आसपास निघाले. आयबीएस म्हणजे वर्षानुवर्षांची पोटदुखी, आणि तिच्या जोडीला कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. दुखणे सारखे, मग दवाखान्याच्या रांगेत तिघांत एकच बाई का?

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. घरधन्याचे पोट बिघडले की ताक होते, मऊ भात होतो, मोटरसायकल शहाद्याच्या डॉक्टरकडे निघते. बाईचे दुखले तर तीच म्हणते, “काई नई, ग्यास शे,” आणि मेडिकलवरून पित्ताची गोळी मागवते. कापूस वेचायला गेलेली बाई पाणी बेताने पिते, कारण संडास घरी झाला, शेतात झालेला नाही. कळ आली तरी दाबून धरायची, संध्याकाळी घरी जाऊन बघायचे. या सवयीने कोठा जड होतो. त्यात अंगात रक्त कमी म्हणून दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी आणखी घट्ट होतो. मग ती गोळ्या सोडून देते, आणि शहाणी माणसे तिला अडाणी ठरवतात.

आता या दुखण्यावर जगात काय चालले आहे ते पाहा. आतड्यातल्या जिवाणूंचा मेळ बिघडणे हे आयबीएसचे एक कारण मानले जाते. म्हणून निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार तपासला जात आहे. (नाक मुरडू नये, गोमूत्र श्रद्धेने पिणाऱ्या समाजाला तो अधिकार नाही.) नॉर्वेतल्या मॅग्डी एल-साल्ही यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६० ग्रॅमची मात्रा मिळालेल्यांपैकी ८९ टक्के रुग्णांना तीन महिन्यांनी उतार होता, ज्यांना स्वतःचीच विष्ठा परत दिली, त्यांत २४ टक्के. आणि या उपचाराचा गुण पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त येत असल्याचेही त्यांच्या अभ्यासांत नोंदले गेले. उलट २०१८ च्या डेन्मार्कमधल्या चाचणीत खऱ्या कॅप्सूलपेक्षा खोट्या कॅप्सूल घेणाऱ्यांनाच बरे वाटले. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितले की आयबीएससाठी हा उपचार चाचणीबाहेर वापरू नये. तेव्हा कोणी तो विकायला आला, तर हात जोडून वाटेला लावावा.

पण स्त्री-पुरुषांत फरक असू शकतो, यात नवल नाही. अनेकींची आयबीएसची तक्रार पाळीच्या दिवसांत वाढते. आतड्यातले काही जिवाणू शरीराने टाकून दिलेले इस्ट्रोजेन मोकळे करून रक्तात परत पाठवतात. म्हणजे संप्रेरके आणि जिवाणू यांची देवघेव दोन्ही बाजूंनी चालते. जिवाणूंचे असे उपचार उद्या आपल्याकडे तपासले गेले, तर रुग्ण दवाखान्याच्या रांगेतूनच घेतले जाणार. आणि रांगेत बाई नसेल, तर तिला किती मात्रा लागू पडते हे कोणी सांगू शकणार नाही. पुरुषावर ठरलेले माप तिच्या माथी मारले जाईल.

दोघांचीही नोंद होण्यात पुरुषांचेही भले आहे. आयबीएसवरचे अलोसेट्रॉन हे औषध २००० साली अमेरिकेत फक्त स्त्रियांसाठी मंजूर झाले, कारण पुरुषांत ते पुरेसे सिद्ध झालेले नव्हते. ज्याची नोंद नाही, त्याला औषध नाही. मग तो कोणी का असेना.

ही नोंद अडते ती लाजेपाशी. सत्तरच्या दशकात याच शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. तिथे कोणी लाजले नाही. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून शरीराबद्दल उघड बोलायला सुरुवात केली ती १९२७ मध्ये. तरी आजही संडासाला कसे होते, हा प्रश्न सुनेला सासूसमोर विचारला जातो आणि ती मान खाली घालून “बरे आहे” म्हणते.

ही लाज मोडणे तुमच्या-आमच्या हातातले आहे. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी आशाताईने बाळाचे वजन करताना आईलाही विचारावे: पोट किती दिवस दुखते, संडासला जाऊन आल्यावर उतार पडतो का, पाळीत वाढते का. विष्ठेतून रक्त, घटते वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ यांतले काही असेल तर ते आयबीएस समजून बसू नये. आतड्याचा क्षयही असू शकतो. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आणि त्याच्या झटक्यातही पोट असह्य दुखते. रक्ताची साधी तपासणी करून तो शोधता येतो. जिला वर्षभर पित्ताच्या गोळ्या दिल्या, तिची ही तपासणी कधी झाली का, हे घरच्या पुरुषाने आज विचारावे, आणि झाली नसेल तर तिला मोटरसायकलवर बसवून न्यावे.