उघडी नदी

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत विठ्ठलवाडीची आम्ही चार बिऱ्हाडे निघोजचे रांजणखळगे पाहावयास गेलो. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे युगानुयुगे एकाच जागी गरगरत राहिले आणि कुकडीच्या काळ्या कातळात त्यांनी हे रांजण कोरले. सारे मी पोरांना तिखटमीठ लावून सांगून ठेवले होते. माळशेज घाट चढून, आळेफाट्यावर चहा घेऊन पोहोचतो तो काय, निम्मेअधिक रांजण पाण्याखाली!

माझा अगदी विरस झाला. मळगंगेच्या देवळापाशी नारळ विकणाऱ्या म्हातारीजवळ मी कुरकुरलो.

"आवर्तन सुटलंय, दादा," ती म्हणाली. "चार दिस आधी आला असता, तर समदं उघडं व्हतं."

"अरेरे!"

"तवा आमी टँकरची वाट बघत व्हतो."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. निदान भांडता तरी आले असते.

परतताना एसटीत मी स्वतःची वकिली केली. माझ्या पाहण्याने नदी आटत नाही, दुष्काळ काही माझ्या डोळ्यांनी पडत नाही. युक्तिवाद बिनतोड होता, पण फिर्यादच निराळी होती. नदीकाठी उभा राहून मी मनापासून इच्छिले होते, की हे पाणी नसावे. नुसत्या इच्छेने कुणाची घागर रिकामी होत नाही, हे खरे. पण यजमानाची भरली घागर पाहून नाक मुरडणाऱ्या पाहुण्याला आपण काय म्हणतो?

पुढे अमेरिकेतल्या भाच्याने कोलोरॅडो नदीच्या वाळवंटी दऱ्यांची छायाचित्रे पाठवली. तिथे १९६३ साली ग्लेन कॅन्यन धरणाने पाणी अडवले आणि कितीतरी रमणीय घळी पॉवेल जलाशयात बुडाल्या. दुष्काळाने २०२२-२३ मध्ये जलाशय फार खाली गेला, तेव्हा त्यांतल्या काही पुन्हा उघड्या पडल्या. माणसे हर्षभराने पाहावयास गेली. त्याच नदीच्या पाण्यावर सुमारे ४ कोटी लोक अवलंबून आहेत. इथे मात्र मला निवाडा करवत नाही. त्या घळी माणसानेच बुडवल्या होत्या. त्यांच्यासाठी झुरणारा एखादा नदीचा कैवारीही असेल. निघोजला मी कुणाचाच कैवारी नव्हतो. मला फोटो हवा होता.

ही म्हणते, पोरांचे रांजण पाहायचे राहिलेच, पुन्हा केव्हा जायचे? मी अजून महिना सांगितलेला नाही.