आमचा पिता भटका होता



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. 2 नोव्हेंबरच्या मिस्सासाठी आपण आपल्या मृतांची नावे लिहून पाकीट चर्चमध्ये देतो. आम्ही तिघा भावंडांनीही बाबांचे नाव लिहिले. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. नाव लिहायला वेळ लागला नाही, पण नंतर आम्ही बराच वेळ त्यांच्याविषयी बोलत बसलो. त्यातले थोडे आपल्यालाही सांगावेसे वाटते.

बाबा त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. 1972 च्या दुष्काळात विहीर आटली, बैल विकावे लागले. त्यांनी आणि आईने दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढच्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन बाबा एकटेच उल्हासनगरला आले. येथे ओळखीचे कुणी नव्हते. फर्निचर बाजारातल्या एका सिंधी शेठने त्यांना पॉलिशच्या कामावर ठेवले आणि रात्री दुकानातच झोपू दिले.

शेठने असे का केले, हे आम्हांला फार उशिरा कळले. आपले हे शहर मुळात दुसऱ्या महायुद्धात उभारलेली लष्करी छावणी होते. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना तिच्या बराकींत ठेवले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. शेठचे बालपण अशाच एका बराकीत, गोणपाटाच्या आडोशामागे गेले होते. घर सुटलेल्या माणसाची रात्र कशी असते हे त्यांना ठाऊक होते.

बाबांनी पस्तीस वर्षे लाकूड घासले आणि पॉलिश केले. शनिवारी रात्री ते रॉकेलने हात धूत, तरी नखे तांबडीच राहत. शाळेत ते आले की आम्हांला त्या हातांची लाज वाटायची. रविवारी कम्युनियन घेताना तेही हात पाठीमागे ठेवीत. त्याच हातांनी आमची फी भरली, गावाकडच्या दोन बहिणींची लग्ने केली आणि एकाला एक लागून दोन खोल्या घेतल्या. आम्ही त्यांना कधी साधे 'थँक यू' म्हटले नाही.

यंदा त्यांतली एक खोली रिकामी झाली. जीन्स शिवण्याच्या कामावर असलेला बिहारचा एक तरुण बायको आणि लहान मुलीसह विचारायला आला. आम्ही म्हणालो, "बाहेरच्या लोकांना देत नाही." तो काही न बोलता निघून गेला. पाकिटावर बाबांचे नाव लिहिताना आम्हांला तेच वाक्य आठवले. दुसऱ्या दिवशी त्याला शोधायला गेलो, तेव्हा तो राहण्यासाठी दुसरीकडे गेला होता.

प्रिय भाविकांनो, अनुवादाच्या 26 व्या अध्यायात परमेश्वर इस्राएली लोकांना एक रीत लावून देतो. देश मिळाल्यावर, पीक आल्यावर, पहिल्या फळांची टोपली घेऊन त्यांनी वेदीपुढे यायचे आणि आधी मोठ्याने सांगायचे, की आपला पूर्वज एक भटका अरामी होता, तो मिसरात परका म्हणून राहिला. टोपली भरलेली असतानाच ही आठवण करायची, कारण पोट भरले की माणूस विसरतो. आणि त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे, की त्या आनंदात परक्यालाही सामील करून घ्यायचे. पित्याचे स्मरण आणि परक्याचा स्वीकार या दोन गोष्टी देवाने वेगळ्या ठेवलेल्या नाहीत.

संत जोसेफही रातोरात बाळाला आणि मरियेला घेऊन मिसर देशी गेले. तेथे त्यांना कुणी तरी खोली दिलीच असेल, कुणी तरी काम दिलेच असेल. शुभवर्तमानात त्या माणसाचे नाव नाही. पण त्या अनामिकाच्या ओसरीवर आपला तारणारा वाढला.

आपल्या धर्मग्रामात कुणी नगरहून आले, कुणी जालन्याहून, कुणी गोव्याहून, कुणी केरळहून. कुणाचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात राबले, कुणाचे बदलापूरहून पहाटेची लोकल पकडत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. या आठवड्यात ती उघडून मुलांना दाखवू या. आणि दार वाजवणारा माणूस कुठला, हे विचारण्याआधी आपले बाबा कुठले होते, हे आठवू या.

हे पित्या, आमच्या कष्टकरी आईवडिलांना चिरशांती दे. ज्यांना आम्ही दारातून परत पाठवले, त्यांना निवारा दे. आणि पुढच्या वेळी आमचे दार उघडे ठेव. आमेन.