पंचविसातले एकोणीस

कोथरूडच्या आमच्या घरात, बाबांच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, पोह्यांसाठी घेतलेला एक हवाबंद डबा आहे. त्यात १९ क्युबन सिगार आहेत. घरात सिगार ओढणारं कुणी नाही. २०२२ पर्यंत होतं.

डिसेंबर २०१६ मध्ये माझा आतेभाऊ दुबईहून येताना पेटी घेऊन आला. तेव्हाच्या कस्टमच्या नियमाप्रमाणे २५ सिगार ड्युटी न भरता आणता येत, म्हणजे बरोबर एक पेटी. पार्तागास, सेरी डी नंबर ४. तळाशी शिक्का होता: कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि खाली स्पॅनिशमध्ये महिना आणि वर्ष, एप्रिल २०१५. बाबांनी तो शिक्का भिंगातून वाचला. आयुष्यभर कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला मालाची तारीख आधी दिसते.

सिगारेट त्यांनी माझ्या जन्माच्या आधीच सोडली होती. "ही सिगारेट नव्हे," ते आईला म्हणाले. "हे लोणच्यासारखं आहे. मुरावं लागतं."

"अहो, लोणच्याने कॅन्सर होत नाही," आई म्हणाली.

दोघांचंही बरोबर होतं. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर त्याने होतोच. आणि मुरण्याचंही खरं आहे. पानं गड्ड्या रचून आंबवतात, त्यात अमोनिया तयार होतो, आणि नवा वळलेला सिगार त्याच वासाने नाकात झोंबतो. तो वास जायला महिने लागतात. मग तेलं हळूहळू पानापानांत सरकतात, कडवटपणा उतरतो. कुणी म्हणतं, दोन वर्षं पुरेत. कुणी म्हणतं, पाचाच्या आत हात लावू नका. कडक सिगार जास्त टिकतो, सौम्य लवकर फिका पडतो. एवढ्यावर साधारण एकमत. पुढे सगळी भांडणं.

बाबांनी यावर इंजिनिअरचा तोडगा काढला. वर्षाला एक. कोजागरीच्या रात्री, गच्चीवर, मसाला दूध पिऊन झाल्यावर. पंचवीस वर्षं पुरतील. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. हा हिशेब आम्ही कुणी मोठ्याने केला नाही.

पुण्यात सिगार सांभाळणं सोपं नाही. त्याला हवेत ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते आणि तापमान वीसच्या आत असलं तर उत्तम. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ओठ फुटतात आणि ऑगस्टमध्ये चपलांना बुरशी येते. बाबांनी डब्यात आर्द्रता राखणाऱ्या पुड्या टाकल्या, एक छोटा मीटर ठेवला. मीटर खरा दाखवतो का, हे तपासायला बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घेऊन त्याच्यासोबत बंद पिशवीत ठेवलं. अशा बंद जागेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७२ दाखवत होता. डब्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून लिहिलं, 'अधिक ३'. तंबाखूत एक बारीक भुंगेरा होतो, घरातल्या हळदीतही होतो तोच. त्याची अंडी मारायला सिगार आधी चार दिवस फ्रीझरमध्ये गेले, मटार आणि खवलेल्या नारळाच्या शेजारी. आईने ते चार दिवस फ्रीझर उघडला नाही.

आणि एक वही. २०१७: 'अमोनिया. डोळ्यांत पाणी. अर्धा टाकला.' २०१९: 'बरा.' २०२१: 'चामडं, ओली माती. शेवटी कॉफी.' २०२२: 'याहून चांगला होईलसं वाटत नाही. पुढच्या वर्षी बघू.'

या शेवटच्या नोंदीवर मी अडकलो. आंबा दाबून, हुंगून कळतो. तांदळाचं पोतं जुनं झालं का, हे आजी मूठभर शिजवून ठरवायची. सिगारचंही तसंच, एक जाळायचा आणि बाकीच्यांबद्दल अंदाज बांधायचा. पण त्या एकावरून कळतं ते इतकंच की आज चांगला आहे. उद्या याहून चांगला असेल की नाही, हे आज कळत नाही. सगळ्यात चांगलं वर्ष कोणतं होतं, ते पुढच्या वर्षी कमी चांगला लागल्यावरच समजणार. म्हणजे योग्य वेळेला थांबलेला माणूस आणि घाईने उरकलेला माणूस, दोघांनाही आपण त्यातले कोण हे कळायचा मार्ग नाही.

शिवाय थांबणं फुकट नसतं. याच पुण्यावरून बंगळूरला जाणाऱ्या रस्त्यावर निपाणी आहे, विडीच्या तंबाखूची बाजारपेठ. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथले तंबाखू शेतकरी भावासाठी हा रस्ता अडवून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. तंबाखू साठवला तर टिकतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण घरात देणेकरी बसलेला असला की माल मुरत ठेवता येत नाही, पडेल त्या भावाला द्यावा लागतो. मुरवण्याचा फायदा ज्याच्याकडे गोदाम आहे त्याला. आमच्याकडे गोदाम म्हणजे पोह्यांचा डबा आणि बाबांचं पेन्शन. मी हे बाबांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "मग काय, मी अपराधी वाटून घेऊ?" मी म्हटलं, नाही. पण 'संयम' हा शब्द वापरताना मी आता जरा अडखळतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू? बाबा म्हणाले, वर्षाला एक. डॉक्टर हसले नाहीत. "शून्य."

त्या वर्षी कोजागरीला चंद्रग्रहण होतं. आईने दूध संध्याकाळीच उरकलं, गच्चीवर कुणी गेलं नाही, त्यामुळे प्रश्न आलाच नाही. पुढच्या वर्षी मी विषय काढला. विकून टाकू? कुणाला देऊन टाकू? माझ्या ऑफिसात एकजण आनंदाने घेईल. त्यांनी वर बघितलं नाही. "अजून थांबू दे."

कशासाठी? स्वतः ओढणार नाहीत. मी ओढायला घेतला तर तेच हातातून काढून घेतील. दुसऱ्याला देणं म्हणजे आपल्याला डॉक्टरांनी नाही म्हटलेलं त्याच्या हातात ठेवणं. तेही त्यांना पटत नाही. फेकवत तर नाहीच. माझा समज असा होता की जपणं हे वापरण्याच्या आधीचं काम. वापर संपला की जपणंही आपोआप संपायला हवं. पण दर दोन महिन्यांनी बाबा पुड्या दाबून बघतात, कडक झाल्या असतील तर बदलतात, मीटर वाचतात, मनातल्या मनात तीन मिळवतात. आई याला खूळ म्हणते. मलाही वर्षभर तेच वाटत होतं. आता वाटतं, सहा सिगार ओढण्यात त्यांचे मोजून सहा तास गेले असतील, बाकी सगळी वर्षं तर याच कामात गेली. डॉक्टरांनी बंद केलं ते सहा तासांचं काम.

यावर मित्र म्हणाला, की ही पळवाट आहे, निर्णय घ्यायला लागू नये म्हणून. असेलही. सगळ्या घरांत पाहुण्यांसाठी ठेवलेले कप असतात आणि ते असेच न वापरता पिवळे पडतात. फरक असला तर एवढाच, की ते कप कुणी काढून बघत नाही.

गेल्या कोजागरीला बाबांनी डबा गच्चीवर आणला. एक सिगार काढला, अंगठ्याने हलकेच दाबला, कानाशी नेऊन ऐकला, मग बराच वेळ हुंगला. माझ्याकडे दिला. मला लाकडाचा वास आला आणि खाली कुठेतरी मनुकांसारखं गोड काहीतरी. तसं सांगितलं.

"मनुका?" ते म्हणाले. "गेल्या वेळी नव्हत्या." आणि वही मागितली.